डबा ठेवायचा कुठे? पर्यटन मंत्र्यांना खुले पत्र

मा. पर्यटन मंत्री, कर्नाटक सरकार यांस,
स. न. वि. वि.

पत्र मराठीत लिहितोय. कन्नड प्रत टपालाने वेगळी पाठवली आहे.

मी खानापूर तालुक्यात इतिहास शिकवतो आणि रविवारी पोरांना घेऊन रानोमाळ हिंडतो. गेल्या हिवाळ्यात हलशीजवळच्या एका बांधावर आम्ही मोबाइलमधले आकडे बघत वाकलो होतो. गुरं घेऊन निघालेली एक आजी थांबली. "काय हुडकूलाय रे पोरांनो? गुप्तधन काय?" मी हसलो. ती हसली नाही. पलीकडे एक वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा स्मारकदगड, आडवा पडला होता आणि त्याच्या बुडाशी कुणीतरी हातभर खणून ठेवलं होतं.

आम्ही हुडकत होतो तो प्लॅस्टिकचा डबा. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. मे २००० मध्ये अमेरिकेने सामान्यांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि लगेच ओरेगॉनमधल्या एकाने रानात बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. सापडली की आतल्या वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू उचलली तर दुसरी ठेवायची, आणि सगळं होतं तसं झाकून निघायचं. बस्स.

आपल्या भागाला हा खेळ शोभेल असा आहे. बेळगावात आजही रामघाट रोड आहे. त्यावरून रोज जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की ही वेंगुर्ल्याच्या बंदराकडची जुनी वाट? मीठ बैलांच्या पाठीवरून याच वाटेने वर यायचं. पुढे आंबोलीचा रस्ता झाला आणि रामघाट मागे पडला. आता वाटेचं वरचं टोक आपल्याकडे आणि घाट महाराष्ट्रात, त्यामुळे दोन्ही सरकारांना ती दुसऱ्याची वाटते. त्याहून जुनी गोष्ट बेळगावच्या किल्ल्यातली. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याच्या काळातल्या, १२०४ च्या शिलालेखात वेणुग्रामच्या, म्हणजे जुन्या बेळगावच्या, बाजारपेठेतले व्यापारी आहेत, अगदी लाट (दक्षिण गुजरात) आणि मलयाळ (केरळ) देशांचेसुद्धा. बसदीसाठी, म्हणजे जैन मंदिरासाठी, कोणत्या मालावर किती द्यायचं, तेही कोरलंय. तो दगड आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. जिथून तो गेला तिथे माणसाला नेऊन उभं करावं, एवढं तरी हा खेळ करू शकतो.

पण मंत्रिमहोदय, आता माझी चूक. त्या बांधावरचा डबा मीच आदल्या आठवड्यात, एक दगड सरकवून ठेवला होता. मोबाइलचा जीपीएस उघड्या माळावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतो; झाडीत, तटाखाली आणखी. म्हणजे शोधणारा त्या टप्प्यातली प्रत्येक फट चाचपतो, प्रत्येक सुटा दगड उचलतो. दहा जण आले की बांध ढासळला. हेच हलशीच्या भूवराह नरसिंह देवळाच्या भिंतीशी झालं तर? आणि किल्ला लष्कराच्या भागात. तिथे बेवारस डबा शोधायला पोरांच्या आधी बॉम्बशोधक पथक येईल.

म्हणून जुन्या वास्तूंत डबाच नको. बिनडब्याचाही खेळ असतो: जागेवर जाऊन बघितल्याशिवाय ज्याचं उत्तर मिळत नाही असा प्रश्न द्यायचा. किल्ल्यातल्या कमल बसदीच्या छतातल्या कमळाच्या पाकळ्या मोजायला लावा. मान दुखेल, दगड हलणार नाही. (उत्तर इथे सांगत नाही, आपणही जाऊन मोजावं.) वही हवीच असेल तर ती गावातल्या चहाच्या टपरीत किंवा ग्रामपंचायतीत ठेवू द्या, वाटसरू चहा पिईल, दोन गोष्टी ऐकेल. भीमगड अभयारण्यात मात्र काहीच नको. तिथल्या बारापेडे गुहेतल्या दुर्मिळ वटवाघळांना आपल्या वहीची गरज नाही.

आणि आपल्या खात्याने या खेळाचं पत्रक काढलंच, तर कृपा करून त्यात 'खजिना' हा शब्द छापू नका. आमच्याकडे त्याचा अर्थ पहार घेऊन रात्री येणारी माणसं असा होतो.

हे सगळं विचारायला मी एका कार्यालयात गेलो होतो. पहिल्या टेबलाने वनखातं सांगितलं, दुसऱ्याने पुरातत्त्व, तिसऱ्याने विचारलं, "डब्यात आहे काय?" पेन्सिल आणि वही, म्हटल्यावर त्यांनी फाइल मिटली. परवानगी द्यायची की नाही, द्यायची तर कुणी, हे एका पानावर लिहून जिल्ह्यात एक टेबल नेमा. नकार मिळाला तरी चालेल, लेखी मिळावा.

तो डबा आम्ही त्याच दिवशी काढला, दगड जागच्या जागी बसवला. डबा माझ्या कपाटात आहे. वहीत अकरा नावं आहेत, शेवटचं त्या आजीच्या नातवाचं. तो दर सोमवारी विचारतो, सर, आता कुठं ठेवायचा?

आपला,
खानापूर तालुक्यातला एक शिक्षक