दवाखान्यात "मुलगी कुठंय?" असं का विचारता?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मोबाईलमध्ये बोलून टाईप करतेय, केमोनं बोटांची टोकं बधिर झालीत, त्यामुळं कुठं काना मात्रा चुकला तर सांभाळून घ्या.

मी कुर्डुवाडीची, वय 56. तीस वर्षं घरी बसून ब्लाउज शिवले, अर्ध्या रेल्वे कॉलनीची मापं मला तोंडपाठ आहेत. हे वर्कशॉपात फिटर होते, आता रिटायर. मागच्या श्रावणात डाव्या बाजूला कॅन्सरची गाठ निघाली, परळला ऑपरेशन झालं रेल्वेच्या मेडिकल कार्डावर, अन् केमो इकडंच एका दवाखान्यात चालूय, त्याचं नाव लिहीत नाही, माणसं काही वाईट नाहीत तिथली. 21-21 दिवसांनी केमोच्या लाल औषधाचे चार डोस झाले, आता दर आठवड्याला एक असे बारा आहेत त्यातले पाच झाले, मग किरणं, म्हणजे रेडिएशन.

माझी लेक नर्स आहे. ती पुढच्या महिन्यात आफ्रिकेत युगांडाला चाललीय, तिथल्या एका मिशन हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात वर्षभर काम करायला, पगार नाही, राहणं-खाणं तेवढं त्यांचं. फॉर्म माझी गाठ निघायच्या आधीच भरलेला होता. एकदा तिनं तारीख पुढं ढकलली, दुसऱ्यांदा ढकलायला निघाली तेव्हा मीच नको म्हणलं. अन् तेव्हापासून गावात जो काही धुरळा उडालाय ना!

संक्रांतीला नणंद तिळगूळ घेऊन आली, बसली, अन् वडी तोंडात टाकता टाकता म्हणाली, घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. आई इथं अशी, अन् ही चालली जगाची सेवा करायला, तिथं काय नर्सा मेल्यात का. मग व्हॉट्सॲपवर आलेलं ते तिकडच्या इबोला रोगाचं दाखवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, नर्स असून सख्ख्या आईला टाकून जाते. माझा मुलगा पुण्यात हिंजवडीला आहे, कंपनीत. ऑपरेशन झालं तेव्हा चार दिवस आला अन् गेला, त्याला आजपर्यंत एका माणसानं, एकानंसुद्धा, विचारलं नाही की बाबा तू आईला टाकून कसा राहतो. उलट म्हणतात, बिचाऱ्याची किती धावपळ होते.

मला राग आला नव्हता असं नाही, तो लेकीचाच आला होता आधी. खरं सांगते, तिनं तारीख सांगितली त्या रात्री मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. आपल्याला ताप भरला की पोरगी उशाशी हवी असं कुणाला वाटत नाही? तिसऱ्या लाल डोसानंतर नवव्या दिवशी रात्री दीडला ताप 101 झाला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली, तिनं एक मिनिट न दवडता गाडी बोलावली, ॲडमिट केलं. केमोत ताप 100.4 झाला किंवा वर गेला की सकाळची वाट बघायची नसते, क्रोसिन घेऊन झोपायचं तर बिलकुल नसतं, हे ह्या घरात तेव्हा तिला एकटीलाच माहीत होतं. मग मनात आलं की ही नसती तर? अन् त्याच्याही पुढचं आलं की, का बरं एकटीलाच माहीत होतं? हे तर शेजारच्या खाटेवर झोपले होते.

आता दवाखान्याचं सांगते, पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं. त्या ॲडमिशननंतर घरी सोडताना सिस्टरनं गोळ्यांचा कागद आणला. लेक ड्युटीवर होती. हे समोर उभे, हातात फाईल, पाच महिने हीच फाईल घेऊन हिंडलेला माणूस. अन् सिस्टरनं सगळं समजावून कुणाला सांगावं? माझ्या जावेला! ती बिचारी नुसती भेटायला आलेली, पिशवीत डाळिंबं घेऊन, तिला धड माझी गाठ कुठल्या बाजूला तेही माहीत नाही. ह्यांनी म्हणलं मला सांगा की, तर म्हणाल्या, बायामाणसाला सांगितलेलं बरं असतं, तुमची मुलगी येत असते ना, ती कुठंय? जाऊ हो हो म्हणत राहिली, अन् खाली रिक्षात बसताना मला विचारते, ते पोटातलं इंजेक्शन म्हणजे काय गं.

लेकीला हे कळलं तशी तिनं दुसऱ्या दिवसापासून घरात क्लासच काढला. भिंतीवर रेल्वेचं कॅलेंडर होतं, त्यावर डोसाची तारीख अन् पुढं सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत लाल रेघ, ह्या दिवसांत बाहेरचं खाणं नाही, गर्दी नाही, सकाळ-संध्याकाळ टेंपरेचर लिहायचं. पेशी वाढवायचं इंजेक्शन फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात नको, आत ठेवायचं पण बर्फाला चिकटून नाही. ऑपरेशन डाव्या बाजूचं, म्हणून डाव्या हाताला सुई नको, बीपीचा पट्टा नको, कुणी बांधायला लागलं तर ओरडायचं. अन् मग मोसंबी. मोसंबी हातात देऊन म्हणाली, पप्पा, टोचा. अहो, वॅगनचे एवढाले बोल्ट फिरवलेला माणूस, त्या एवढ्याशा सुईला थरथरायला लागला. सात मोसंबी झाल्या, नंतर त्या आम्हालाच खाव्या लागल्या, आठवी मी. चौथ्या डोसाचं इंजेक्शन ह्यांनी दिलं, पोटाची चिमटी धरून, डोळे मिटून घेतले ते मी, ह्यांनी नाही.

आता तर माझ्या ब्लाउजचे हुक हेच लावतात. लिहायला लाज वाटते, पण लिहिते. जिनं गावाचे हुक लावले तिला स्वतःचा हुक बोटांना लागत नाही. पहिल्या दिवशी सगळे एक घर चुकवून लावले. मुलगाही आता एक आड शुक्रवारी लॅपटॉप घेऊन येतो, डोस चालू असताना माझ्या खुर्चीशेजारी बसून मीटिंग करतो, बहिणीनं फोनवर काय सुनावलं ते मला दोघंही सांगत नाहीत.

लशीचं पण रामायण झालं. युगांडाला जायला पिवळ्या तापाची लस कंपल्सरी, घेतल्यावर दहा दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं अन् मग जन्मभर चालतं. ती जिवंत लस असते हे कुणीतरी सांगितलं, झालं, आईला बाधेल! डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, घरातल्या माणसानं ही घेतली तर पेशंटला काही होत नाही, तुम्ही स्वतः तेवढी घेऊ नका. उलट नातवाला पोलिओचे थेंब पाजले असले तर त्याच्या लंगोटाला तुम्ही हात लावू नका, ते दुसऱ्यांना करू द्या. हे मात्र कुठल्या व्हॉट्सॲपवर नव्हतं आलं.

अन् युगांडाच का, ते तिनं मला डोस चालू असताना सांगितलं. लाल औषधासोबत दुसरी बाटली लागायची, एंडॉक्सानची. म्हणाली, आई, 1958 साली तिथं बर्किट नावाच्या सर्जननं लहान पोरांच्या जबड्याच्या गाठींवर लिहिलं अन् पुढं 60 च्या दशकात हेच औषध त्या गाठींवर असलं लागू पडलं की डॉक्टरही चाट पडले. तिथल्या राजधानीत, कंपालात, 1967 पासून कॅन्सरचं सरकारी इन्स्टिट्यूट आहे. पण त्याच देशात किरणांचं मशीन होतं एकच, ते 2016 ला मोडलं अन् नवं चालू व्हायला 2018 उजाडलं. तोवर ज्यांना परवडलं ते शेजारच्या केनियात नैरोबीला गेले. बाकीच्यांचं काय झालं ते मी विचारलं नाही. इथं मी किरणांना सोलापूर बरं पडेल की बार्शी, अशी निवड करत बसलेय.

तर संपादक साहेब, मागणी साधी आहे. केमोच्या वॉर्डात आठवड्यातून अर्धा तास नातेवाइकांचा क्लास घ्या, ताप कधी धोक्याचा, इंजेक्शन कसं, कुठल्या हाताला काय नको, अन् जो पेशंटबरोबर आलाय त्याला शिकवा, मग तो नवरा असो, मुलगा असो नाहीतर दीर. त्याच्या हातात कागद द्या, मोठ्या अक्षरात, मराठीत. अन् तुम्हालाही एक सांगते, आजारी माणसाची काळजी कशी घ्यावी हे तुम्ही दरवेळी महिलांच्या पुरवणीत छापता, ते एकदा क्रिकेटच्या पानावर छापून बघा, हे तेवढंच पान वाचतात.

लेकीची बॅग भरणं चालूय, ह्यांनी तिला एक जुना पाना दिलाय वर्कशॉपातला, कशाला ते विचारू नका. पत्र छापलं तर माझं नाव टाकू नका, नणंद तुमचाच पेपर घेते.

— एक वाचक, कुर्डुवाडी