कोराडीचा धूर आणि माझे टिनपत्रे

मा. संपादक महोदय,

नागपूरची कोरडी हवा जस्ताच्या (म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्यांना कशी मानवते, याचे कौतुक कालच्या अंकात वाचले. खोटे त्यात काही नाही. रत्नागिरीच्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा झिजतो तसा आपल्याकडे झिजत नाही, कबूल. पण मग माझ्या गच्चीच्या शेडचे पत्रे वर चढण्याआधीच कसे गेले?

माल जुलैत आला. कंत्राटदाराने अख्खी चळत अंगणात थेट जमिनीवर टाकली, वरून ताडपत्री घट्ट आवळली आणि जो गेला तो पोळा झाल्यावर उगवला. वरचा पत्रा चकचकीत. खालचे एकमेकांना असे चिकटलेले की ओढून सोडवावे लागले. मधोमध पांढरी भुकटी, खरवडली की काळे डाग. दुकानदाराला फोटो दाखवले तर म्हणतो, "काकाजी, कोराडीच्या वीज केंद्राचा धूर येते न तिकडे, आम्ही काय करणार?" वरचा पत्रा सोडून चळतीत दबलेलेच तेवढे खाणारा हा धूर मोठा चोखंदळ म्हणायचा!

उघड्यावरचा पत्रा भिजतो, वाळतो, आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे जस्तावर कार्बोनेटचा करडा थर धरतो. तोच पुढे त्याला राखतो. चळतीत पाणी अडकते, हवा पोचत नाही, थर धरतच नाही आणि जस्ताचीच भुकटी होते. खाली लाकडी ठोकळे, चळत जरा तिरपी आणि मधून हवा, एवढ्यावर भागले असते.

लेखात पत्र्याचे आयुष्य ठोकून दिले आहे, पण कुठल्या पत्र्याचे? गिऱ्हाईक गेज, म्हणजे पत्र्याची जाडी, विचारते, जस्त किती ते विचारत नाही आणि दुकानदार आपणहून सांगत नाही. १२० जीएसएम म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम, एका अंगाला जस्ताचा थर जेमतेम ८ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे आठ हजारांश. २७५ जीएसएमला तेच १९-२० होते. हवा तीच, आयुष्य दुपटीहून जास्त. आणि कोरड्या हवेचे एवढेच कवतिक असेल, तर उन्हाळाभर पाणी धरून बसलेल्या कूलरची टाकीच सगळ्यात आधी का फुटते, हेही आपल्या प्रतिनिधीने कोणा कूलरवाल्याला विचारावे.

जाता जाता, हवामानाच्या चौकटीत पूर्वी सकाळ-संध्याकाळची आर्द्रता यायची, आता नुसते तापमान येते. पत्र्याला ४५ अंशांचे काही वाटत नाही, त्याला ओल बाधते. ती ओळ परत सुरू करावी. राशिभविष्य थोडे आखडले तरी आमची हरकत नाही.

एक जुना वाचक,
मानकापूर, नागपूर