आधी डीपी सुधारा, मग भिंतीवरचे मीटर

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषय : खानदेशातील वीज वितरणाचे आधुनिकीकरण आणि त्याचा क्रम

सध्या आपल्या भागात विजेच्या बातम्यांना तोटा नाही. घरोघरी स्मार्ट मीटर बसत आहेत, छतांवर सौर पॅनल चढत आहेत, शेतीपंपांसाठी माळावर सौर प्रकल्प उभे राहत आहेत. केंद्राने 2021 मध्ये आणलेली सुधारित वितरण क्षेत्र योजनाच तीन लाख कोटी रुपयांहून मोठी आहे. ही कामे व्हायलाच हवीत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यांचा क्रम चुकतो आहे. ग्राहकाच्या भिंतीवरचे मीटर नवे होते आणि ज्या डीपीवरून, म्हणजे गल्लीतल्या रोहित्रावरून (ट्रान्सफॉर्मर), त्या मीटरला वीज येते ती वर्षानुवर्षे तशीच राहते. खानदेशात तरी आधुनिकीकरणाची सुरुवात डीपीपासून झाली पाहिजे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र.

वीजनिर्मितीत आपण मागे नाही. भुसावळजवळ दीपनगरला 500 मेगावॉटचे दोन संच आहेत, शिवाय 660 मेगावॉटचा नवा संच. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा आहेत आणि त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॉटचा सौर प्रकल्प 2013 पासून चालू आहे. सरदार सरोवराच्या विजेत महाराष्ट्राचा वाटा 27 टक्के, आणि त्या धरणात बुडाली ती नंदुरबार जिल्ह्यातली अक्राणी-अक्कलकुवा भागातली 33 गावे. म्हणजे वीज आपल्या जिल्ह्यांत तयार होते, तिच्यासाठी जमीन आणि गावे आपण दिली. घोडे अडते ते उपकेंद्रापासून घरापर्यंतच्या शेवटच्या टप्प्यात.

इथे आपल्या उन्हाळ्याचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. रोहित्र थंड राहते ते आतल्या तेलामुळे, आणि तेल थंड होते ते बाहेरच्या हवेने. हवाच तापलेली असेल तर ही उष्णता जाणार कुठे? आतल्या कागदी इन्सुलेशनचे तापमान ठरलेल्या मर्यादेच्या वर सहा-सात अंश जरी राहिले तरी त्याचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा या क्षेत्रातला सर्वमान्य हिशोब आहे. पूर्वी रात्री भार उतरायचा, रोहित्राला श्वास घ्यायला वेळ मिळायचा. आता रात्रभर कूलर आणि एसी चालतात. 100 केव्हीए क्षमतेच्या डीपीवर दीड टनाचे पन्नास-साठ एसी एकदम सुरू झाले की तिची क्षमता संपली, बाकी पंखे, फ्रिज, पाण्याच्या मोटारी वेगळ्याच. नवीन कॉलनीत घरे वाढतात, प्रत्येक घरात एसी येतो, डीपी मात्र कॉलनीच्या पहिल्या दहा घरांसाठी बसवलेली असते.

जाणत्या माणसाने आपल्या जवळच्या डीपीकडे, कुंपणाबाहेरूनच, एकदा नीट बघावे. श्वसन नळीला जी काचेची कुपी असते, तिच्यातले सिलिका जेल कोरडे असताना निळे असते, ओलावा शोषला की गुलाबी होते. किती डीपींवर ते आज निळे दिसते? टाकीखाली तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा थर. फ्यूज पेटीचे झाकण गायब, आत ठरलेल्या मापाच्या फ्यूजऐवजी ॲल्युमिनियमच्या तारेचे वेढे. असा वेढा वेळेवर वितळत नाही, त्यामुळे बिघाड तारेत झाला तरी जळते ते रोहित्र. सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे अर्थिंग. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक पडतो आणि जमिनीत जायचा प्रवाह जात नाही. त्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वरचेवर पाणी घालणे हे काही मोठे तंत्रज्ञान नव्हे. जुने वायरमन हे न सांगता करायचे.

न्यूट्रलचे, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेचे, दुखणे तर घरात शिरते. आमच्या गल्लीत वादळात न्यूट्रलची जुनी तार तुटली आणि घराघरांत 230 च्या जागी जवळजवळ 400 व्होल्ट आले. टीव्ही, फ्रिज, चार्जर, बोअरच्या मोटारीचा स्टार्टर, जे चालू होते ते गेले. शेजारच्या काकूंनी पिठाच्या गिरणीसाठी बचत गटाचे कर्ज घेतले होते, त्यांच्या गिरणीची मोटार जळाली. हप्ता मात्र चालूच राहिला. भार तिन्ही फेजवर समान वाटलेला असता आणि न्यूट्रलची तार योग्य जाडीची असती तर हे नुकसान टळले असते. कोणतेही स्मार्ट मीटर हे थांबवू शकत नाही.

छतावरच्या सौर पॅनलचेही तेच आहे. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजार रुपये अनुदान मिळते, लोक उत्साहाने पॅनल बसवतात आणि ते योग्यच आहे. पण अनेकांना नंतर कळते की गावची लाईन गेली की आपले पॅनलही बंद पडते, भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला आपल्या छतावरून उलटी वीज जाऊन धक्का बसू नये म्हणून इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ही सुरक्षितता हवीच. पण त्याचा अर्थ असा की सौर वीजही शेवटी त्याच डीपीच्या जिवावर चालते. शिवाय एका कमकुवत लाईनवर खूप पॅनल आले की दुपारी व्होल्टेज चढते आणि इन्व्हर्टर ट्रिप होत राहतात. म्हणून ज्या वस्तीत सौर जोडण्या वाढत आहेत, तिथली डीपी आणि केबल आधी तपासली पाहिजे.

शेतीच्या बाजूने एक गोष्ट मनापासून चांगली झाली आहे, ती म्हणजे दिवसा वीज देण्याचा निर्णय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2017 ची. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला, म्हणजे उपकेंद्रातून शेतांकडे जाणाऱ्या वाहिनीला, द्यायची, ही कल्पना आपल्यासाठी सोन्यासारखी आहे. रात्रपाळीची थ्री फेज म्हणजे काय, हे यावल-रावेरच्या केळी उत्पादकाला विचारा. मध्यरात्री मोटार चालू करायला जायचे, वाटेत साप, काठाकाठाने बिबट्या. चाळीसगाव तालुक्याने 2017 मध्ये बिबट्याची दहशत भोगली आहे. त्यामुळे दिवसा वीज म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाची हमी आहे, आणि ही योजना प्रत्येक शेती फीडरपर्यंत पोहोचली पाहिजे.

पण इथे आपण शेतकऱ्यांनीही ऐकले पाहिजे. पंपाला ऑटो स्विच लावला की लाईन आल्याबरोबर डीपीवरचे सगळे पंप एकाच क्षणी उठतात. सुरू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, आणि डीपी तिथेच बसते. ऑटो काढा, कॅपॅसिटर लावा, असे महावितरण वर्षानुवर्षे सांगत आहे. आकडे टाकणाऱ्यांचा भारही शेवटी त्याच डीपीवर पडतो. डीपी जळाली की ऐन घडभरणीत केळीला पाणी नाही, आणि नुकसान ज्याने आकडा टाकला नाही त्याचेही होते.

स्मार्ट मीटरचा राग अनेकांना आहे. मला त्यातली एक गोष्ट खरोखर उपयोगाची वाटते. केंद्राच्या त्याच सुधारित वितरण क्षेत्र योजनेत डीपीवरही मीटर बसवायचे आहेत. कोणत्या डीपीवर किती भार, कोणत्या फेजवर जास्त, किती वाजता मर्यादा ओलांडली, हे त्यातून कळू शकते. मग ती माहिती लोकांसाठी खुली का करू नये? प्रत्येक डीपीवर एक पाटी लावावी: क्षमता किती, मागच्या उन्हाळ्यात सर्वाधिक भार किती गेला, तेल शेवटचे कधी तपासले. ग्रामसभेत आणि वॉर्डात ती चर्चेला येऊ द्या. आमदार-नगरसेवकांच्या शिफारशीवर डीपी मंजूर होण्यापेक्षा भाराच्या आकड्यावर मंजूर होणे कधीही चांगले.

दुसरी मागणी माणसांची. एकेका वायरमनकडे कितीतरी गावे आहेत, त्यात अनेकजण कंत्राटी. स्मार्ट मीटरमुळे रीडिंग घेणाऱ्या मुलांचे काम जाणार आहे. त्यांना गल्ल्या, शेतरस्ते, ग्राहक सगळे पाठ आहेत. त्यांनाच प्रशिक्षण, हातमोजे, अर्थिंग रॉड आणि विमा देऊन डीपीच्या नियमित देखभालीवर घेतले तर मुलांचे घर चालेल आणि डीपीकडेही कुणाचे तरी लक्ष राहील.

शहराचे पाणीही याच तारांवर अवलंबून आहे, हे विसरता येत नाही. वीजपुरवठा खंडित झाल्याने पाणीपुरवठा एक दिवस पुढे ढकलल्याची सूचना जळगावकरांना नवी नाही. शहराला पाणी देणाऱ्या वाघूर धरणावरच्या पंपांसाठी पर्यायी वीजजोडणी हा महापालिकेचा पहिला ऊर्जा प्रकल्प असायला हवा. सातपुड्यातल्या धडगाव-मोलगीच्या पाड्यांचा प्रश्न निराळा आहे. तिथे लांबलचक लाईन पावसाळ्यात झाडे पडून तुटते. दूरच्या पाड्यांवर लहान सौर संच आणि बॅटरी हाच व्यवहार्य मार्ग, मात्र बॅटरी संपल्यावर ती बदलण्याचा निधी योजनेतच धरलेला असला पाहिजे.

संपादक महोदय, आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत गेल्या उन्हाळ्यात किती आणि कोणत्या डीपी जळाल्या, त्यांतल्या किती जागी वाढीव क्षमतेचे रोहित्र बसले आणि किती जागी दुरुस्त केलेले तेवढ्याच क्षमतेचे परत आणले, याची तालुकानिहाय यादी आपण माहिती अधिकारात मागवावी आणि फेब्रुवारी संपायच्या आत छापावी. मार्चमध्ये ऊन वाढू लागते, तोपर्यंत कामे हाती घ्यायला वेळ मिळेल.

आपला विश्वासू,
एक वाचक व केळी उत्पादक,
यावल तालुका, जि. जळगाव