रेडिएटरमधले पाणी आणि बाटलीवरची मोहोर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये पहिले घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. गृहकर्ज, कौन्सिल टॅक्स आणि छपराची पाहणी यांविषयीचा त्यातला सल्ला व्यवहारी आहे, आणि मुलांच्या घराची काळजी करत पुण्या-नाशकात बसलेल्या आई-वडिलांनाही त्याचा उपयोग होईल. मात्र सेंट्रल हीटिंगवरच्या परिच्छेदात असे सांगितले आहे की, पाण्यात घालायचे गंजरोधक रसायन, ज्याला इथले प्लंबर ‘इन्हिबिटर’ म्हणतात, ते सरकारमान्य असले आणि बॉयलरशेजारी चुंबकीय फिल्टर बसवलेला असला की पुढची दहा वर्षे तिकडे पाहायला नको. या एका वाक्यात तीन चुका आहेत आणि त्या घरमालकाला महागात पडणाऱ्या आहेत, म्हणून हे पत्र. इंग्लंडला येण्यापूर्वी मी ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत कूलिंग टॉवरच्या पाण्याची देखभाल करत असे. आता रेडिंगमध्ये घरांच्या हीटिंगचे पाणी तपासतो. रसायने विकण्याचा माझा व्यवसाय नाही, हे आधीच नमूद करतो.

ज्यांनी ही व्यवस्था पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. इथल्या बहुतेक घरांत भिंतीला टांगलेला गॅसचा बॉयलर असतो; त्यात तापलेले पाणी पंपाच्या जोरावर खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांमधून फिरते आणि गार होऊन पुन्हा बॉयलरकडे येते. हे पाणी नळाला येत नाही की अंघोळीला वापरले जात नाही. तेच शंभरेक लिटर पाणी वर्षानुवर्षे घराच्या पोटात फिरत राहते. रेडिएटर पोलादी पत्र्याचे, नळ्या तांब्याच्या, जोड पितळेचे आणि बॉयलरमधला हीट एक्सचेंजर (ज्योतीची उष्णता पाण्याला देणारा भाग) अॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा, असे चार-पाच धातू एकाच गरम पाण्यात नांदतात, आणि ते गुण्यागोविंदाने नांदत नाहीत. ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन थोड्याच काळात खर्ची पडतो आणि गंजण्याचा वेग मंदावतो, हे खरे आहे. परंतु कुठे बारीक गळती असली आणि दाब उतरला म्हणून दर महिन्याला थोडे पाणी भरावे लागत असले, तर प्रत्येक वेळी ऑक्सिजनचा नवा हप्ता आत जातो. आपल्याकडे खिडकीच्या गजांवर दिसतो तो गंज तांबडा असतो. रेडिएटरच्या आत, जिथे ऑक्सिजनची चणचण असते, तिथे काळे मॅग्नेटाइट तयार होते. ते पाण्याच्या सुमारे पाचपट जड असल्याने रेडिएटरच्या तळाशी बसते, आणि चुंबकाकडे ओढले जात असल्याने आधुनिक पंपांच्या चुंबकी रोटरवरही साचते.

आमच्याच घरातले उदाहरण देतो. घर घेतल्यावर पहिल्याच डिसेंबरात मागच्या खोलीतला रेडिएटर वरून हात ठेववत नाही इतका तापे आणि खालून थंडगार लागे. जिन्यातल्या रेडिएटरची तऱ्हा उलटी होती: तो वर थंड पडे आणि दर पंधरवड्याला किल्लीने त्याची हवा काढावी लागे. ती नुसती हवा नव्हती, पोलाद गंजताना सुटणारा हायड्रोजन त्यात होता. म्हणून अशा वेळी जवळ काडी ओढून पाहू नये. शेवटी एका शनिवारी मागच्या खोलीतल्या रेडिएटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद केले, खाली जुने टॉवेल पसरले आणि मी व माझ्या मेव्हण्याने तो उचलून परसात नेऊन उलटा केला. आधी शाईसारखे पाणी आले आणि मागून ओल्या काजळीसारखा गाळ. फ्रिजवरचा, महाबळेश्वरहून आणलेला स्ट्रॉबेरीच्या आकाराचा मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यात बुडवला, तर त्याला काळी दाढी फुटली. फरशीवरचा डाग अजून गेलेला नाही.

त्या रात्री मी बॉयलरच्या पुस्तिकेला जोडलेली ‘बेंचमार्क’ची नोंद, म्हणजे बॉयलर बसवताना भरलेला तपशील, काढून पाहिली. तीत रसायनाचे नाव, लिटरमध्ये मात्रा, तारीख आणि बॉयलर बसवणाऱ्याची सही असे सर्व काही रीतसर होते, आणि ते नाव प्रमाणित रसायनांच्या यादीतलेच होते. मग पाण्याचा नमुना तपासला, तर त्या रसायनाचा मागमूसही नव्हता. चौकशीअंती कळले की आधीच्या मालकांनी दोन वर्षांपूर्वी हॉलमधला रेडिएटर बदलून घेतला होता. त्या कामासाठी सगळे पाणी काढून टाकले गेले आणि नंतर नळाचे साधे पाणी भरले गेले. कागदावर कोणी काहीही खोटे लिहिलेले नव्हते. कागद जुन्या पाण्याबद्दल बोलत होता, एवढेच.

लेखातली पहिली चूक प्रमाणपत्राबद्दल आहे. हे प्रमाणपत्र सरकार देत नाही. ब्रिटनमध्ये घरगुती हीटिंगच्या गंजरोधकांसाठी ‘बिल्डसर्ट’ नावाने ओळखली जाणारी मान्यता योजना आहे आणि ती आता ‘एनएसएफ’ या संस्थेमार्फत चालते. उत्पादक आपले रसायन स्वखुशीने चाचणीला देतो. ठरवलेल्या मात्रेत ते घातल्यावर नेहमीच्या वापरातले धातू कितपत गंजतात, क्षारांचा थर कितपत रोखला जातो आणि रबरी सीलसारख्या अधातू भागांना इजा होते का, हे प्रयोगशाळेत पाहिले जाते, आणि त्यात उतरलेले रसायन यादीत जाते. या मान्यतेची मोहोर, म्हणजे शिक्का, नसलेली बाटली विकायला मनाई नाही. मोहोरीला वजन मिळते ते आडवाटेने: ‘बीएस ७५९३’ ही ब्रिटिश मानकांतली कार्यसंहिता प्रमाणित रसायन वापरायला सांगते, इंग्लंडच्या बांधकाम नियमांचा ‘एल’ हा मार्गदर्शक दस्तऐवज त्या संहितेकडे बोट दाखवतो, आणि बॉयलरचे उत्पादक आपल्या हमीच्या अटींत तिचा उल्लेख करतात. गाळामुळे हीट एक्सचेंजर तुंबला तर दहा वर्षांची हमीसुद्धा हात वर करते, हे अनेकांना बॉयलर बंद पडल्यावरच समजते.

या मोहोरीला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. एका धातूला वाचवणारे रसायन दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकते, आणि ही बाब घरी बसून कोणाला तपासता येत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून नवा गॅस बॉयलर, मोजके अपवाद सोडता, कंडेन्सिंग (धुरातली उष्णताही वापरणाऱ्या) प्रकारचाच बसवावा लागतो, आणि त्यांतल्या कित्येकांत अॅल्युमिनियमचा हीट एक्सचेंजर असतो. पोलादाला अल्कधर्मी पाणी मानवते, अॅल्युमिनियमला ते सोसत नाही. धुण्याच्या सोड्याने अॅल्युमिनियमचे पातेले घासल्यावर ते काळे का पडते, हे ज्यांनी स्वयंपाकघरात पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजवायला नको. टेम्सच्या खोऱ्यातले पाणी खडूच्या खडकातून येते आणि ते शाळेच्या पुस्तकातल्या भाषेत चांगलेच दुष्फेन आहे. किटलीत महिन्याभरात पांढरी खपली धरते. म्हणून लोक पाणी सुफेन करणारे यंत्र बसवतात आणि कधी कधी तेच पाणी हीटिंगमध्येही भरतात. असे पाणी तापले की त्यातल्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचे माप) चढतो, म्हणजे अॅल्युमिनियमच्या वाट्याला पुन्हा सोडाच येतो. पाण्याचा पीएच आवाक्यात ठेवणारे, तांब्यावर अॅझोलचा आणि पोलादावर मॉलिब्डेटसारख्या द्रव्याचा पातळ पापुद्रा धरणारे मिश्रण जमवणे हे जाणकाराचे काम आहे, आणि ते जमले आहे की नाही हे तिऱ्हाइताने तपासलेले बरे.

पण ही परीक्षा बाटलीतल्या रसायनाची आणि ठरलेल्या मात्रेची असते. पंधरा वर्षांचा गाळ साठलेल्या घरात, अंदाजाने ओतलेल्या अर्ध्या बाटलीची परीक्षा कोणी घेतलेली नसते. शिवाय नायट्रायटसारखी काही गंजरोधके कमी पडली तर नुसती निष्प्रभ होत नाहीत. पापुद्रा जिथे तुटका राहतो तिथे सगळा गंज एका जागी एकवटतो आणि सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाडी असलेल्या पत्र्याला बारीक भोक पडते. बेलापूरला आमच्या टॉवरच्या लॉगबुकात दर पाळीला पीएच, क्लोराइड, काठिण्य आणि मॉलिब्डेट यांचे आकडे लिहावे लागत. एखाद्या पाळीचा रकाना कोरा राहिला तर सकाळी साहेब बोलावून घेत, आणि “ड्रम चांगल्या कंपनीचा आहे” हे उत्तर तिथे कोणी ऐकून घेतले नसते. घरातल्या शंभर लिटरांसाठी पाळीगणिक नोंद नको आहे, पण वर्षातून एक आकडा मागणे जास्त होत नाही.

दुसरी चूक फिल्टरची. चुंबकीय फिल्टर सुटलेले मॅग्नेटाइट पकडतो, ते तयार होणे थांबवत नाही. गळक्या छपराखाली ठेवलेल्या बादलीइतकाच तो छपराचा इलाज आहे. दर वर्षी फिल्टर गच्च भरून निघतो म्हणजे तो उत्तम काम करतो, असे समाधानाने सांगणारे मला भेटतात. तो भरतो, कारण रेडिएटर आतून झिजत आहेत.

तिसरी चूक दहा वर्षांची. ‘बीएस ७५९३’ची २०१९ची आवृत्ती अगदी स्पष्ट आहे: नवी व्यवस्था आधी साफ करावी, मग तीत गंजरोधक घालावे, फिल्टर कायमचा बसवावा, रसायनाचे प्रमाण दर वर्षी तपासावे, आणि दर पाच वर्षांनी पूर्ण मात्रा पुन्हा घालावी किंवा पाण्याची सविस्तर चाचणी करून घ्यावी. वर्षाकाठी बॉयलरच्या सर्व्हिसिंगला येणारा माणूस ‘गॅस सेफ’ नोंदणीतला असतो, आणि ही नोंदणी गॅसच्या कामाची आहे, पाण्याच्या रसायनाची नाही. तो ज्वलन तपासेल, धुराची नळी तपासेल. रेडिएटरमधल्या पाण्याबद्दल आपण विचारले नाही तर तोही विषय काढेलच असे नाही. मोटारीच्या रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे पाणी भरून देणारा गॅरेजवाला पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावर भेटतो. इथेही त्याचे भाऊबंद आहेत, फक्त त्यांची गाडी जास्त चकचकीत असते.

पुढील काळात हा प्रश्न लहान होणार नाही. १५ जून २०२२ पासून इंग्लंडमध्ये नव्या किंवा संपूर्ण बदललेल्या व्यवस्थेची रचना ५५ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या पाण्यावर चालेल अशी करावी लागते, आणि हीट पंपासाठी (बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता घरात आणणाऱ्या यंत्रासाठी) तर सरकार ७,५०० पौंडांपर्यंत अनुदान देते. कमी तापलेल्या पाण्याने घर उबदार ठेवायचे तर रेडिएटरचा तळापर्यंतचा सगळा भाग तापावा लागतो, त्यामुळे तळातला गाळ तिथे अधिक भोवतो. फरशीखालच्या हीटिंगमध्ये पाणी कोमट असल्याने जीवाणूही वाढतात; त्यासाठी वेगळे जंतुनाशक लागते, आणि गंजरोधकाच्या मोहोरीने ती गरज भागत नाही.

म्हणून सर्व्हिसिंगच्या नोंदीत ‘इन्हिबिटर तपासले’ एवढी खूण पुरेशी मानू नये. कोणत्या रसायनाचे प्रमाण किती निघाले आणि ते कोणत्या तारखेला, हा आकडा तिथे असावा, आणि घर विकताना तो कागद विकत घेणाऱ्याच्या हाती पडावा, असे माझे मत आहे. मोहोर देणाऱ्या योजनेनेही यादीतल्या प्रत्येक रसायनासोबत त्याची घरगुती तपासणी कशी करायची हे ठळकपणे मागावे. एका रसायनाची तपासणी-पट्टी दुसऱ्याला चालेलच असे नाही, त्यामुळे आधी नाव ठाऊक असावे लागते, आणि जुन्या घरात नेमके तेच हरवलेले असते.

आपल्या वाचकांपैकी जे घर घेत आहेत त्यांनी सर्व्हेअरला भिंतींच्या ओलीबद्दल विचारताना विक्रेत्याला पाण्याच्या शेवटच्या चाचणीबद्दलही विचारावे. रेडिएटरची हवा काढताना कपभर पाणी पांढऱ्या वाटीत घेतले तरी बरेच समजते: ते स्वच्छ दिसले म्हणून रसायन आहे असे ठरत नाही, पण काळे निघाले तर किमतीची घासाघीस करायला जागा आहे. गंजरोधकाची बाटली वीसएक पौंडांना मिळते, तर तुंबलेली व्यवस्था यंत्राने धुऊन घ्यायला काही शे पौंड पडतात. भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी मात्र स्वतः काहीही ओतू अथवा काढू नये. इंग्लंडमध्ये १९८५च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या ११व्या कलमानुसार, नेहमीच्या अल्प मुदतीच्या भाडेकरारात, खोल्या तापवण्याची व्यवस्था दुरुस्त ठेवणे ही घरमालकाची जबाबदारी आहे. तेव्हा थंड रेडिएटरचा फोटो जोडून त्याला लेखी कळवावे आणि ते पत्र जपून ठेवावे.

लेखातील त्या वाक्याची दुरुस्ती आपण पुढच्या रविवारी, शक्यतो त्याच पानावर, छापावी ही विनंती. इथे ऑक्टोबर उजाडला की हीटिंग सुरू होते, आणि नमुना घ्यायचा तर त्याच्या आधीचे दिवस सोयीचे असतात.

आपला,
एक वाचक
रेडिंग, इंग्लंड