घड्याळाची जनुके कळली. पेशींचा मेळ कोण राखते?

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतील कीटकांच्या जैविक घड्याळावरचा लेख वाचला. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांना फळमाशीत ‘पीरियड’ जनुकाचे बदल सापडले, २०१७ मध्ये हॉल, रोझबॅश आणि यंग यांना नोबेल मिळाले, हा प्रवास त्यात नीट आला आहे. (ही फळमाशी बागेतली फळे पोखरणारी नव्हे. पिकलेल्या फळांवर घोंगावणारे चिलट, ड्रोसोफिला, ते हे.) मात्र जनुकांचे चक्र फिरते आणि माशीला वेळ कळते, एवढे सांगून लेख थांबला, याला आमची हरकत आहे. हे चक्र एकेका पेशीत फिरते. माशीच्या मेंदूत अशा घड्याळपेशी दीडशेच्या आसपास असल्याचे मानले जात होते; मेंदूच्या अलीकडच्या सूक्ष्म नकाशांत त्या २४० च्या घरात भरतात. प्रत्येकीने आपापला काटा फिरवला तर माशीचा दिवस उभा राहत नाही. पेशींचा मेळ राखण्याचे काम मुख्यतः न्यूरोपेप्टाइड करतात.

न्यूरोपेप्टाइड म्हणजे चेतापेशींनी सोडलेल्या अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या. घड्याळाच्या संदर्भात त्यातली सर्वांत महत्त्वाची साखळी १८ अमिनो आम्लांची आहे. तिचे नाव पिगमेंट डिस्पर्सिंग फॅक्टर, म्हणजे पीडीएफ. कोळंबी-खेकड्यांच्या कातडीतील रंगकण पसरवणाऱ्या संप्रेरकाशी तिचे नाते आहे, म्हणून हे नाव. फळमाशीच्या मेंदूत प्रत्येक बाजूला चार लहान आणि चार मोठ्या, अशा एकूण १६ घड्याळपेशी पीडीएफ बनवतात. पीडीएफ समोरच्या पेशीवरील ग्राहकाला (रिसेप्टरला) जाऊन बसले की त्या पेशीत चक्रीय एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, आणि त्यातून पीरियड व टाइमलेस या घड्याळ चालवणाऱ्या प्रथिनांचे विघटन लांबते. घड्याळाचा वेग आणि ठोका या मार्गाने जुळवला जातो.

पीडीएफ नसलेल्या माशांचे वर्तन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. १२ तास उजेड आणि १२ तास अंधार असताना या माशा पहाटेची चाहूल घेत नाहीत आणि त्यांची संध्याकाळची धावपळ तासाभराने अलीकडे येते. अखंड अंधारात एक-दोन दिवस लय टिकते, मग बहुतेकींची विस्कटते. पुढे पेशींच्या आत डोकावल्यावर दिसले की लहान पीडीएफ-पेशींतले चक्र चालूच असते. फक्त त्या एकमेकींपासून पांगतात. म्हणून या माशीचे घड्याळ ‘बंद पडले’ असे लिहिणे चूक आहे.

हा प्रयोग करू पाहणाऱ्यांसाठी तपशील देतो, कारण निष्कर्ष बहुधा इथेच घसरतात. ६५ मिलिमीटर लांब, ५ मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत एका टोकाला ५ टक्के साखर आणि २ टक्के अगारचे खाद्य भरून मेणाने बंद करायचे, दुसऱ्या टोकाला कापूस. मेण नीट बसले नाही तर खाद्य सुकते आणि माशी मरते. नळीच्या आत पाणी सुटले तर ती काचेला चिकटते. मधोमध अवरक्त किरण असतो. माशीने तो ओलांडला की एक नोंद. एका यंत्रात अशा ३२ नळ्या बसतात. नर वापरावेत, वय तीन ते पाच दिवस. मिलन झालेली मादी अंडी घालते, अळ्या खाद्य उकरतात आणि किरणही तोडतात. तापमान २५ अंश, आधी किमान पाच दिवस उजेड-अंधार, मग किमान सात दिवस निव्वळ अंधार.

सकाळी दिवा लागताच प्रत्येक माशी दचकून धावते, पीडीएफ नसलेलीसुद्धा. आलेखातली ती उंच रेघ पाहून ‘सकाळची लय शाबूत आहे’ असे म्हणणे ही नेहमीची चूक. चाहूल मोजायची ती दिवा लागण्याआधीच्या तीन तासांत हालचाल चढत जाते का, यावरून. अंधारातले पहिलेच दोन दिवस मोजले तर बिघडलेली माशीही निरोगी दिसेल. कपाटात कुठून उजेड झिरपला, किंवा दिव्याच्या उष्णतेने रोज दोन-तीन अंशांचा चढउतार झाला, तर तो माशीला वेळ सांगून मोकळा होतो. शेवटच्या दिवशी ज्या नळीत नोंदच नाही ती मेलेली माशी. तिला ‘लयहीन’ गटात टाकू नये. मेंदू रंगवून पीडीएफ पाहायचे तर सगळे मेंदू एकाच वेळी काढावेत. लहान पेशींच्या वरच्या टोकांत पीडीएफ सकाळी भरपूर असते, रात्रीच्या सुरुवातीला कमी. सकाळचा एक मेंदू आणि रात्रीचा दुसरा यांची तुलना म्हणजे शुद्ध फसगत.

पीडीएफ एकटे नाही. लहान न्यूरोपेप्टाइड एफ हे मेंदूच्या घड्याळाचा निरोप पीटीटीएच हे संप्रेरक सोडणाऱ्या पेशींना देते, आणि तिथून तो वक्षातल्या ग्रंथीपर्यंत जातो. कोशातून माशी पहाटे बाहेर पडते ती या साखळीमुळे. डीएच४४ हे आणखी एक न्यूरोपेप्टाइड घड्याळाची वेळ हालचालीपर्यंत पोचवते.

शिवाय फळमाशीचे चित्र सर्व कीटकांवर चिकटवू नये. ड्रोसोफिला व्हिरिलिस या तिच्याच कुळातल्या जातीत लहान पेशींमध्ये पीडीएफ आढळत नाही, आणि अखंड अंधारात तिची लय लवकर ढासळते. उत्तरेकडे, जिथे उन्हाळ्यात उजेड जवळपास सरत नाही, तिथे अशा जाती टिकून आहेत. रिप्टॉर्टस या शेंगांवरील ढेकणाच्या मेंदूतून पीडीएफ-पेशी असलेला भाग काढला तर दिवस लांब की आखूड हे ओळखून प्रजनन थांबवण्याची त्याची क्षमता बिघडते. त्या भागात इतर पेशीही असतात, तेव्हा सगळे श्रेय पीडीएफला देता येत नाही. पण दिवसाच्या घड्याळाचा ऋतूच्या मोजणीशी संबंध इथे उघड दिसतो. पुरवणीत या विषयाचा पुढचा भाग येणार असेल, तर तो येथून सुरू व्हावा, ही विनंती.

आपले,
कीटकांच्या दैनिक लयींचे अभ्यासक