हेलिडेकवरचा वारा

महोदय,

पावसाळ्यात मुंबई हाय या अरबी समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या फलाटांवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरसाठी वाऱ्याचा नुसता वेग पाहून भागत नाही. डेरिकला (तेलविहिरीच्या उंच मनोऱ्याला), क्रेनला वळसा घालून आलेला वारा हेलिडेकवर, म्हणजे हेलिकॉप्टर उतरण्याच्या मंचावर, भोवरे करतो. त्यात फलाटावरच्या टर्बाइनचा गरम धूर मिसळला की हवा विरळ होऊन उचल घटते. भोवरे कमी व्हावेत म्हणून डेकखाली ३ ते ६ मीटर मोकळी जागा ठेवायची असते. तिथे सामान रचणे हा निव्वळ निष्काळजीपणा!

रोटर (हेलिकॉप्टरचा फिरता पंखा) सुरू होताना आणि थांबताना धोका जास्त. फेरे कमी असल्याने पाती ताठ राहत नाहीत, एका झोतासरशी टोक माणसाच्या डोक्याइतके खाली येते. पायलटच्या इशाऱ्याशिवाय जवळ जाऊ नये. टोपी उडाली तर उडू द्यावी.

– एक वाचक, उरण