शंभरातले साठ

नाशिक,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मिलिंद,

तुझे तीन मिस्ड कॉल दिसत होते आणि मी उचलत नव्हतो. रागावू नकोस. फोनवर बोललो असतो तर माझा आवाज ऐकून तू कोल्हापुराहून थेट गाडी काढली असतीस. म्हणून लिहितोय.

आपलं मोठं गिऱ्हाईक गेलं रे. तेच, दिंडोरीकडचं, मनुके-मसालेवालं. ८ जानेवारीला चार ओळींची मेल आली. ब्रँडचं काम यापुढे मुंबईची एजन्सी बघेल, महिनाअखेर सगळं त्यांच्याकडे सोपवा. चारातली एक ओळ आभाराची होती. सात वर्षांत त्यांची पाकिटं, खोके, दिवाळीचे गिफ्ट बॉक्स, प्रदर्शनांचे स्टॉल, सगळ्याचं डिझाइन आपल्याच टेबलावरून गेलेलं. मालकांच्या थोरल्या मुलाने कारभार हातात घेतला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती. पण मी मुद्दाम तिकडे बघितलं नाही.

स्टुडिओत शंभर रुपये यायचे तर साठ त्यांचे. इथे गोदेला पाणी वाढलं की लोक घाटावरच्या मूर्तीवरून पूर मोजतात, विचारतात, दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं? गुडघ्याला, कमरेला, की छातीला? तुला आठवतं, २०१९च्या ऑगस्टात तू आला होतास आणि आपण होळकर पुलावरून पूर बघत बसलो होतो? माझा मारुती दोन वर्षं छातीपर्यंत बुडालेला होता आणि मी पुलावरून फोटो काढत होतो.

पहिल्या रात्री एक वाजता मी उत्तर लिहिलं. जहरी. तुमचा पहिला लोगो मी माझ्या लॅपटॉपवर कसा केला इथपासून सगळं उगाळलं. बायकोने लॅपटॉप मिटला. सकाळी वाचलं तर माझीच मला लाज वाटली. मग दोन ओळी पाठवल्या: कळवल्याबद्दल आभार, हँडओव्हरचं वेळापत्रक परवा देतो.

स्टुडिओतल्या पोरांना दुसऱ्याच दिवशी सांगितलं. प्रिंटरकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून. अंबडच्या एमआयडीसीत अशा बातम्या चहाच्या आधी पोचतात. चौघांसमोर बँकेतली शिल्लक ठेवली आणि म्हटलं, आपल्याकडे साडेतीन महिने आहेत. माझा पगार आजपासून बंद, गंगापूर रोडवरची दुसरी खोली मार्चमध्ये सोडायची, तुमच्या पगाराला एप्रिलपर्यंत हात लावणार नाही, पुढचं मला सांगता येत नाही. कुणीच काही बोललं नाही. शेवटी सर्वांत धाकटी म्हणाली, सर, मग आज करायचं काय? तिचं तेवढं वाक्य माझ्या कामी आलं.

करायचं होतं ते हँडओव्हर. इथे मला चार जणांनी चार सल्ले दिले. ओपन फाइल, म्हणजे पुढे बदल करता येतात ती मूळ फाइल, देऊ नकोस, पीडीएफ तोंडावर मार, पैसे मिळेपर्यंत अडवून धर. करारात ओपन फाइलबद्दल अक्षर नव्हतं. कॉपीराइट लेखी आणि सहीनिशी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाही, म्हणजे कायद्यानेही मला ताणता आलं असतं. नाही ताणलं. फार थोर वगैरे आहे म्हणून नव्हे. चुकीचं लेबल छापून गेलं तर छपाईच्या प्लेटचा भुर्दंड त्या अंबडच्या प्रिंटरवर पडणार, आणि तो माणूस उद्याही मला लागणार आहे.

मग बसलो दहा दिवस. बेचाळीस पाकिटं. जुन्या लेबलांवरचं मराठी श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधलं, मुंबईच्या मशीनवर उघडलं तर नुसता किडामुंगीचा मेळा दिसला असता. ते सगळं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे आकार करून दिलं, शिवाय मूळ मजकूर युनिकोडमध्ये वेगळा टाइप करून जोडला. स्पॉट कलरचे, म्हणजे ठरलेल्या तयार शाईचे नंबर, खोका कापायच्या कुठल्या डायमध्ये घडी दोन मिलिमीटर सरकते, अन्न परवान्याचा एफएसएसएआय नंबर कुठल्या पाकिटावर जुना राहिलाय, निव्वळ वजनाच्या अक्षरांची उंची कुठे नियमाच्या काठावर बसते, सगळं लिहून दिलं. फॉन्टचे परवाने मात्र तुमचे तुम्ही घ्या म्हणून कळवलं. पोचपावतीवर सही घेतली. मिल्या, खोटं नाही सांगत, त्या दहा दिवसांत मला बरी झोप लागली. झोप उडाली ती १ फेब्रुवारीला, टेबल रिकामं झाल्यावर.

पैशांचं ऐक. डिसेंबर आणि जानेवारीची बिलं अजून अडकलीत. जानेवारीच्या बिलावरचा १८ टक्के जीएसटी मात्र मला येत्या २० तारखेच्या आत भरायचाय, पैसे आलेले असोत नसोत. आपला उद्यम नंबर, लघुउद्योगाच्या नोंदणीचा, आहे हे किती बरं झालं ते आता कळतंय. २००६च्या एमएसएमई, म्हणजे लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपुढे उधारी चालत नाही, आणि नसला तर १५च. त्यात आयकराचं ४३बी(एच) कलम गेल्या वर्षीपासून लागू झालंय. मुदत उलटून ३१ मार्चपर्यंत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्यांना यंदा वजा करता येणार नाही. आमचा सीए म्हणाला, भांडू नका, फक्त बिलावर उद्यम नंबर ठळक टाकून स्मरणपत्र पाठवा. त्यांचा सीएच त्यांच्या मागे लागेल. पाठवलंय. तूही बघ तुझ्या बिलांवर तो नंबर आहे का.

आता माझा गाढवपणा. घाबरून मी एका दवाखान्याचं चाळीस हजारांचं काम बारा हजारांत घेतलं. आज नववी करेक्शन आली. डॉक्टरसाहेबांच्या मेहुण्यांना निळा रंग थंड वाटतो. पडत्या काळात दर पाडला की ते लोक तुला तेवढ्याच किमतीचा समजतात, आणि करेक्शन्स मात्र लाखाच्या मागतात. बाकी इथे जो तो म्हणतोय, काळजी कशाला, २०२७चा सिंहस्थ येतोय, कामच काम. टीव्हीवर प्रयागराजचा कुंभ चालू असल्यामुळे सगळ्यांना सगळं सोपं वाटतंय. मी त्या भरवशावर खोलीचं भाडं भरणार नाही.

परवा दिंडोरीला जाऊन आलो. थोरल्या मालकांना, काकांना भेटायला. काम मागायला नाही, हे आधीच फोनवर सांगितलं होतं. द्राक्षांची तोडणी चालू होती, काकांनी मांडवाखालीच खुर्ची टाकली. विचारलं, आमचं कुठे चुकलं? बराच वेळ ते कात्रीने घड साफ करत राहिले. मग म्हणाले, ‘‘चुकलं काही नाही. पण आम्ही सांगू ते तुम्ही करून द्यायचे. पोराला कुणीतरी नाही म्हणणारं पाहिजे होतं.’’

येताना गाडीत दोन किलो द्राक्षं होती आणि मी म्हसरूळपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही. त्यांचं नवं मसाल्याचं पाकीट भडक होतंय हे मला तेव्हाच दिसलं होतं, बरं का. आमच्या धाकटीने बोलूनही दाखवलं होतं. मीच तिला म्हटलं, जाऊ दे, त्यांना आवडलंय ना.

२०२०मध्ये तुझं ते डेअरीवालं गिऱ्हाईक गेलं तेव्हा मी फोनवर तुला केवढं ज्ञान पाजळलं होतं! एकाच गिऱ्हाइकावर कशाला विसंबलास म्हणून. तू तेव्हा मुकाट ऐकून घेतलंस. माफ कर.

एक काम कर. त्यानंतर तू करारात साठ दिवसांच्या नोटिशीचं आणि ओपन फाइलच्या वेगळ्या दराचं कलम घातलं होतंस, ते शब्दशः पाठव. सोमवारी पिंपळगावच्या एका नव्या माणसाला भेटतोय. त्याच्या खोक्यावरचा वाघ मला पटलेला नाही, आणि ते मी त्याला सांगणार आहे.

आणि १९ मार्चला रंगपंचमी आहे. रहाडीत, रंगाच्या हौदात, धप्पा मारायला ये. जुने कपडे आण, मागच्या वेळचा माझा शर्ट तू अजून परत केलेला नाहीस.

तुझा,
अव्या